भामरागडच्या मापाचा संगणक

नागपूरच्या सीताबर्डीवर संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या कोणत्याही दुकानात शिरून आपण काउंटरवर हात टेकले, की पलीकडचा गृहस्थ मान वर न करता जो एकच प्रश्न विचारतो, त्याच्याइतका अंतर्मुख करणारा आणि ऐन वेळी वाचा बंद पाडणारा प्रश्न उपनिषदांतील ऋषींनी तरी आपल्या शिष्यांना विचारला असेल की नाही, याविषयी मला दाट शंका आहे. ‘काय काम करून राहिले भाऊ त्याच्यावर?’ एवढाच तो प्रश्न. तो ऐकून भलेभले पदवीधर, राजपत्रित अधिकारी आणि दोन-दोन घरांचे मालक छताकडे पाहू लागतात. कारण संगणक घ्यावयाचा हे त्यांनी ठरविलेले असते, त्यासाठी रक्कम काढलेली असते, तो घरात कोठे ठेवावयाचा यावरून पत्नीशी एक वाद होऊन त्यात पराभवही पत्करलेला असतो, फक्त त्याचे करावयाचे काय एवढाच किरकोळ मुद्दा विचारात घ्यावयाचा राहून गेलेला असतो.

अशा वेळी सुशिक्षित मनुष्य ‘तसं सगळंच’ असे उत्तर देऊन मोकळा होतो. चार पत्रे टंकणे, मुलाचा परीक्षेचा अर्ज भरणे, रेल्वेचे आरक्षण मिळत नसल्याची खात्री करून घेणे आणि रात्री जेवणानंतर एखादा जुना चित्रपट अर्ध्यावर टाकून झोपी जाणे, एवढाच या ‘सगळंच’चा विस्तार असतो, परंतु दुकानदार त्याचा अर्थ ग्राहकाच्या मनगटावरील घड्याळ आणि पायांतील जोडे पाहून लावीत असल्यामुळे, पत्रे टंकावयास निघालेला हा गृहस्थ चलच्चित्रांचे संपादन, पुलांचे त्रिमिती आराखडे आणि काल्पनिक रणांगणावरील घनघोर युद्धे यांना पुरून उरेल असे यंत्र घेऊन परततो, आणि त्यावर तीच चार पत्रे पूर्वीच्याच चुकांसह, मात्र पुष्कळ अधिक वेगाने, टंकू लागतो. कंपनीचे बंद खोके न घेता सुटे भाग निवडून आपल्या गरजेबरहुकूम जुळवून घेतलेला, म्हणजे बाजारात ज्याला ‘असेंबल्ड’ म्हणतात तो संगणक सोयीचा पडतो, यात वाद नाही. मात्र गरजेबरहुकूम वस्तू घेणाराला आधी गरज ठाऊक असावी लागते, ही अट कोणत्याही दरपत्रकात छापलेली नसते. पुण्यामुंबईला ती पाळली नाही तरी निभावते. तेथे चुकीचा भाग रिक्षात घालून संध्याकाळपर्यंत बदलून आणता येतो.

भामरागडला ही सोय नाही. गडचिरोली जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावर वसलेले असून इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड लागते. आलापल्लीहून निघालेली एस.टी. पेरमिली, ताडगाव अशी गावे मागे टाकीत सुमारे 65 किलोमीटरचे अरण्य ओलांडते, हेमलकसा सोडते आणि पर्लकोटेच्या पुलावरून भामरागडात शिरते. अर्थात पर्लकोटेची संमती असेल तेव्हा. पावसाळ्यात ही नदी पुलावर वहिवाटीचा हक्क सांगते, आणि मग पलीकडचे तहसील कार्यालय, बाजार, अर्जदार आणि अर्ज हे सर्व काही दिवस बाकीच्या महाराष्ट्राशी तात्त्विक संबंध ठेवून राहतात. बाबा आमट्यांनी 1973 च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे विजेवाचून तेथे रोगी तपासू लागले, तेव्हा गडचिरोली नावाचा जिल्हाही अस्तित्वात नव्हता. तो 1982 साली चंद्रपुरातून वेगळा निघाला. म्हणजे या मुलखात दवाखाना आधी आला, जिल्हा मागाहून आला आणि वीज तिच्या सवडीने आली. संगणकाने येथे यावयाचे तर त्याला हा क्रम समजून घेऊनच यावे लागते.

अशा ठिकाणच्या एखाद्या ग्रामसभेला संगणकाची निकड भासावी, याचे नागर वाचकांना नवल वाटेल. परंतु 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये याच जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली 1,809 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काचा दाखला मिळाला, आणि त्यानंतर गावोगावच्या ग्रामसभा बांबू व तेंदूपत्ता यांचा व्यवहार आपल्या हाती घेऊ लागल्या. व्यवहार आला म्हणजे हिशेब आला, आणि तेंदूचा हिशेब ही मुरलेल्या कारकुनाचाही घाम काढणारी चीज आहे. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे एका गोणीत 70,000 पाने. ती कोणत्या घरच्या माणसांनी मे महिन्याच्या कोणत्या दिवशी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, आणून दिली, त्यांतील किती पुडे मुन्शीने मोजून घेतले, किती बाद ठरविले, आणि बाद ठरविलेले पुडे नंतर नेमके कोठे गेले, हे सारे एका लांबलचक वहीत लिहिलेले असते. ती वही जूनपर्यंत उत्तम वाचता येते. पुढे दमट हवेने शाई फुटू लागते, आणि बोनस वाटण्याची वेळ येते तेव्हा तोच आकडा घेणाऱ्याला नऊ आणि देणाऱ्याला एक दिसू लागतो.

तेव्हा ‘संगणक घ्यावा’ हा ठराव आमच्याकडच्या एका ग्रामसभेत एकमताने मंजूर झाला यात नवल नव्हते. ‘कसला घ्यावा’ हे ठरविण्यासाठी पुढे जी बैठक भरली, तिला मी टंकलेखन यंत्रावर हयात घालविलेला, अर्थात तज्ज्ञ, या नात्याने हजर होतो.

सल्लागारांची वाण या देशात कोठेच नाही आणि पुलावरचे पाणी त्यांना अडवीत नाही. गुरुजींच्या मते मुलांना सूर्यमाला फिरताना स्पष्ट दिसेल एवढा मोठा पडदा ही ग्रामसभेची पहिली गरज होती. ग्रामसेवकांच्या मते पाच प्रती एकदम निघतील असे छपाईयंत्र ही खरी गरज असून संगणक त्याला जोडण्यापुरता असला म्हणजे झाले. नागपुरात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला आणि सुटीवर आलेला एक तरुण एका बाजूने काच लावलेल्या, आतून निळे-जांभळे दिवे फिरविणाऱ्या खोक्याचे असे रसभरित वर्णन करू लागला, की समोरची दोन वयस्क मंडळी ते कोणत्या देवाचे मखर, अशी आपापसांत चौकशी करू लागली. त्यात एक वजनदार ग्राफिक्स कार्ड बसवावे, असाही त्याचा आग्रह होता. तेंदूच्या हिशेबाला ग्राफिक्स कार्ड कशाला, असे विचारता तो म्हणाला, ‘पुढचा विचार करावा लागतो, काका.’ आपल्याला आज नको असलेली वस्तू आज विकत घेण्यासाठी मानवजातीने शोधून काढलेले इतके भारदस्त कारण दुसरे नसेल. शेवटी एका ठेकेदाराने, पान उचलणाऱ्या मंडळींशी आपले ऋणानुबंध किती जुने आहेत हे सांगून, आपला स्वतःचा आय-सेव्हन संगणक ग्रामसभेला सप्रेम भेट देण्याची तयारी दाखविली. आणि तेथे कोषाध्यक्ष बाई सावध झाल्या.

या बाई आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेल्या, बोलण्यात बेताच्या, आणि रुपयाच्या बाबतीत कोणाचाही, प्रत्यक्ष नवऱ्याचासुद्धा, तोंडी हवाला न मानणाऱ्या अशा आहेत. त्यांनी शांतपणे विचारले, ‘भाऊ, कोणत्या सालचा हाय तो?’ ठेकेदार म्हणाला, ‘2011 चा. पण आय-सेव्हन आहे, ताई!’

येथे वाचकांसाठी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. इंटेल कंपनीने आपल्या प्रोसेसरांना आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन अशी नावे ठेवल्यापासून, तिनामध्ये तीन मेंदू आणि सातामध्ये सात असतात अशी समजूत करून घेऊन सबंध देश साताच्या मागे लागला आहे. वस्तुतः हे आकडे म्हणजे केवळ हुद्दे होत. तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार अशी ही चढती भाजणी असली, तरी हुद्द्याइतकेच महत्त्व सेवेच्या काळाला असते. आणि 2011 सालचा आय-सेव्हन हा निवृत्त तहसीलदार होय. त्याची ऐट, त्याची शिस्त, पूर्वी आपण काय काय केले हे सांगण्याची त्याची हौस सारी शाबूत असते, परंतु सातबाऱ्यावर आज सही चालते ती सेवेतील तलाठ्याची. अलीकडच्या पिढीचा साधा आय-थ्री त्या जुन्या आय-सेव्हनला नित्याच्या कामात सहज मागे टाकतो आणि वीजही कमी खातो. विंडोज 11 तर आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक साऱ्या इंटेल प्रोसेसरांना उंबऱ्याच्या आत घेत नाही. ठेकेदाराची भेट साभार परत गेली. तिच्यात ग्रामसभेचा हिशेब लिहिला गेला असता, तर तो प्रथम कोणी वाचला असता, हा बाईंच्या मनातला प्रश्न त्यांनी मनातच ठेवला.

हाताने जुळविलेल्या संगणकाकडे नाक मुरडून पाहण्याची आपल्याकडे एक रीत पडली आहे. तिला फारसा आधार नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालेला आणि पुढे पंडित नेहरूंनी ज्याचे ‘टिफ्रॅक’ असे नाव ठेवले तो संगणक संस्थेतल्या मंडळींनी स्वतःच बांधला होता. प्रत्येकी 40 बिटांचे 2,048 शब्द एवढीच त्याची स्मृती. म्हणजे आज बोटभर लांबीच्या 8 जीबी रॅमच्या पट्टीत तसली आठ लाखांहून अधिक यंत्रे मावतील. अमेरिकेने महासंगणक देताना खळखळ चालविली, तेव्हा 1988 साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि आमच्याच विदर्भातल्या, अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ उभा राहिला. तोही बाजारात मिळणारे विलायती प्रोसेसर आणून, ते आपल्या कामाच्या धोरणाने एकमेकांना जोडूनच. सीताबर्डीवरील प्रश्न या मंडळींना कोणी विचारला असता, तर त्यांनी छताकडे पाहिले नसते, एवढाच काय तो त्यांच्यात आणि आपल्यात फरक. 1976 साली ॲपलचा पहिला संगणक तर नुसत्या उघड्या सर्किटच्या पाटीच्या रूपाने विकला गेला. खोके ज्याचे त्याने करावयाचे, आणि काहींनी ते चक्क लाकडाचे करून घेतले. ही वार्ता मी सभेत सांगितली मात्र, गावच्या सुताराचे डोळे लकाकले. 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून वाजतगाजत गेलेले सागवान याच अरण्यपट्ट्यातले; त्याचे खोके म्हणजे काय थाट! परंतु सभेस उपस्थित असलेल्या वनरक्षकाने, संगणक नागपूरला दुरुस्तीस नेताना नाक्यावर त्याचा वाहतूक परवाना दाखवावा लागेल, हे नम्रपणे निदर्शनास आणून दिले आणि तो प्रस्ताव तहकूब झाला.

विजेचा विषय निघाला तेव्हा बैठकीला खरा रंग चढला. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट आहे. कोळसा विदर्भाचा, पाणी इरई धरणाचे, राख आणि धूर चंद्रपूरकरांच्या वाट्याचे. वीज मात्र उंच मनोऱ्यांच्या खांद्यांवरून दूरच्या शहरांकडे निघून जाते, आणि भामरागडच्या पदरात तिचा जो हिस्सा पडतो तो दिवे लावण्यापेक्षा विजेच्या अस्तित्वावरील श्रद्धा टिकविण्याच्या कामी अधिक येतो. दाब एखाद्या दुपारी दीडशे व्होल्टांवर येऊन कण्हत बसतो आणि रात्री पावणेतीनशेवर चढून गर्जना करतो. संगणकातील सर्व भागांना वीज वाटून देणारी जी पत्र्याची पेटी असते, जिला कारागीर एसएमपीएस म्हणतात, तिच्याकडे शहरात कोणी ढुंकूनही पाहत नाही; प्रोसेसर आणि दिवे यांवर रक्कम उधळून झाल्यावर उरलेल्या चिल्लरीत ती घेतली जाते. भामरागडला निवड तिच्यापासून सुरू केली पाहिजे, आणि तिच्या पाठीशी स्टॅबिलायझर, त्याच्या पाठीशी इन्व्हर्टर, अशी तटबंदी केली पाहिजे.

हा मुद्दा निघताच बाईंनी खडू घेतला. ग्रामसभेच्या खोलीत सौर तावदानाला जोडलेली 12 व्होल्टांची, 150 अँपिअर-तासांची एक बॅटरी होती. म्हणजे कागदावर 1,800 वॉट-तास. इन्व्हर्टरची दलाली आणि बॅटरी तळापर्यंत न उपसण्याचा दंडक एवढे वजा जाता हाती 1,200 उरतात असे धरावे. तरुणाचे काचेचे मखर पडद्यासह 400 वॉट मागत असेल, तर तीन तासांत आरती आटोपली. हिशेबापुरते लहान यंत्र आणि बेताचा पडदा मिळून 60 वॉट घेत असतील, तर वीस तास. एवढा भागाकार फळ्यावर उमटल्यानंतर सभेत प्रथमच शांतता पसरली, आणि ‘पुढचा विचार’ वीस तासांच्या बाजूने झुकू लागला. ग्रामसेवकांच्या लेसर छपाईयंत्राचा निकालही त्याच फळ्यावर लागला. ते गरम होण्याच्या क्षणी हजार वॉटच्या आसपास ओढते आणि इन्व्हर्टर त्या धक्क्याने मूर्च्छित पडतो. सबब पाच प्रतींऐवजी एक प्रत, आणि तीही शाईच्या टाकीच्या साध्या यंत्रावर, आणि ते यंत्र पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी चालविण्याच्या बोलीवर, नाहीतर शाई आत सुकून बसते.

तरुणाने शेवटचा डाव म्हणून पाण्याने थंड राहणाऱ्या प्रोसेसरचा विषय काढला. हिशेबाची मोठी धांदल ऐन मे महिन्यात, चंद्रपूर-गडचिरोलीकडे पारा 45 अंशांच्या वर जातो त्या दिवसांत होणार. तेव्हा पाण्याची कल्पना प्रथमदर्शनी अनेकांना पटली. परंतु पंखा असो की पाणी, कोणतेही असले साधन खोलीतील हवेपेक्षा यंत्राला अधिक गार करू शकत नाही. खोलीच 44 अंशांची असेल तर ते पाणीही आपल्याइतकेच हैराण होऊन फिरत राहते. शिवाय या मुलखात बंद पेटीत पाणी ठेवल्याची बातमी मुंग्यांना ग्रामसभेच्या आधी लागते. मुंग्या, पाली, उंदीर आणि वाळवी यांना संगणकाच्या उबदार अंतर्भागाविषयी जे ममत्व आहे त्याचा उल्लेख कोणत्याही हमीपत्रात नसतो. तेव्हा खोक्याला भोके थोडी, त्यांवर बारीक जाळी, आणि वाऱ्याच्या मार्गावर धुळीची गाळणी, असे ठरले. काच नको, असेही ठरले. आतली पाल बाहेरून दिसून उपयोग काय, हा त्यामागचा युक्तिवाद मला बिनतोड वाटला.

संगणकाची खरी परीक्षा मात्र दुकानात होत नाही, आलापल्लीच्या पुढे होते. त्या रस्त्यावर एस.टी.च्या मागच्या बाकाखाली ठेवलेल्या यंत्राचा कोणता भाग स्क्रूने घट्ट बसविला होता आणि कोणता केवळ परस्पर विश्वासावर टिकून होता, हे भामरागड येईपर्यंत निर्विवादपणे सिद्ध होते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून केसाच्या जाडीच्याही सूक्ष्म अंशावर एक टोक तरंगत असते. असल्या नाजूक प्राण्याला या प्रवासाला कशाला जुंपा, म्हणून जीत काहीच हलत नाही अशी एसएसडी पसंत झाली. वजनदार ग्राफिक्स कार्ड आपल्या खाचेतून लोंबत प्रवास करते आणि वाटेत पाटीला तडा देण्याची शक्यता असते, हे कळताच त्याचा शेवटचा पाठीराखाही गप्प झाला. राहता राहिली रॅम. ती हादऱ्याने खाचेत सैल होते, दमट हवेने तिच्या सोनेरी कडेवर मळ धरतो, आणि मग पडदा काळा होऊन यंत्र नुसते टीं-टीं करू लागते. या व्याधीवर कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत एकच मात्रा चालते: रॅम काढावी, तिची कड खोडरबराने घासावी, फुंकर मारावी आणि परत बसवावी. अनेक नव्या लॅपटॉपांत आणि कंपन्यांच्या चपट्या यंत्रांत रॅम डाग देऊन कायमची चिकटविलेली असते, तेव्हा तेथे खोडरबराचे काही चालत नाही. आणि ज्या गावात संगणकाचा कारागीर नाही पण शाळा आहे, त्या गावाने खोडरबराने दुरुस्त होणारे यंत्रच घ्यावे, हे माझे त्या बैठकीतील एकमेव विधान होते जे कोणी खोडून काढले नाही.

घड्याळाच्या बॅटरीची गोष्टही याच पोटात येते. पाटीवर रुपयाच्या नाण्याएवढी तीन व्होल्टांची एक टिकली असते, वीज गेली तरी तारीख ध्यानात ठेवणे हे तिचे काम. ती मेली, की यंत्र सुरू होताना आपल्या बालपणातील एखादी तारीख धरून बसते, आणि बँकेची, महसूल खात्याची झाडून सारी सुरक्षित संकेतस्थळे त्याला दाराबाहेर ठेवतात. कारण त्यांच्या दाखल्यांवरील तारखा त्या यंत्राच्या दृष्टीने अजून उजाडावयाच्या असतात. सरकारी दफ्तरात मागची तारीख टाकण्याची विद्या साधायला उमेदवारीची काही वर्षे खर्ची पडतात. संगणकाला ती एका मेलेल्या टिकलीत साधते. अशा दोन टिकल्या जादा घेण्याचे बाईंनी यादीत लिहून टाकले.

मग लिपीचा प्रश्न निघाला, तो एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काढला. जुन्या मराठी फॉन्टांत लिहिलेली कागदपत्रे दुसऱ्या यंत्रावर उघडली की त्यांचे चित्रविचित्र चिन्हांत रूपांतर होते, हा तालुक्यातील प्रत्येक कार्यालयाचा अनुभव आहे. तेव्हा सारे युनिकोडमध्येच लिहावे यावर एकमत होते. पण त्यांचे म्हणणे पुढचे होते: माणसांची नावे माडियात, म्हणजे इकडच्या गोंडी बोलीत, आहेत, ती मराठीत लिहिताना प्रत्येक मुन्शी आपल्या कानाप्रमाणे बदलतो, आणि बोनसाच्या वेळी एकाच माणसाची तीन माणसे होतात. गोंडीसाठी मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 साली घडविलेली लिपी 2017 मध्ये आणि गुंजाळा गोंडी लिपी 2018 मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाली, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि ‘नाव एकदाच, एकाच तऱ्हेने लिहा, मग कोणत्याबी लिपीत लिहा’ असा हुकूम दिला. संगणकशास्त्रातील पुष्कळ जाडजूड ग्रंथ माहितीच्या साठ्याविषयी याहून वेगळे काही सांगत नाहीत.

एवढे झाल्यावर, शहाण्या वाचकाच्या ओठांवर केव्हाचा येऊन थांबलेला प्रश्न वनरक्षकाने विचारला: मग लॅपटॉपच का घेत नाही? त्याला स्वतःची बॅटरी असते, वीज थोडी लागते, आणि पूर आला तर काखोटीला मारून पळता येते. हा शेवटचा मुद्दा भामरागडात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2019 च्या पावसाळ्यात येथली बाजारपेठ पुन्हा पुन्हा पाण्याखाली गेली होती आणि दुकानदार मिठाच्या गोण्यांपासून गल्ल्यापर्यंत सारे माळ्यावर चढवून बसले होते. बाईंनी हे सर्व गुण मान्य केले आणि लॅपटॉपला नकार दिला. त्या नकारामागे सार्वजनिक मालमत्तेचा जो अनुभव होता, तो अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळत नाही. काखोटीला मारता येणारी सार्वजनिक वस्तू प्रथम ‘घरी बसून काम उरकायला’ म्हणून एका रात्रीपुरती जाते. मग तिच्यावर पाहुण्यांना पुतण्याच्या लग्नाची चित्रफीत दाखविली जाते. मग तिचा चार्जर त्या घरच्या खुंटीला कायमचा लटकतो. आणि वर्षभराने ती कोणाच्या घरी आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असूनही दफ्तरी मात्र ती ग्रामसभेतच नांदत असते. यास्तव ग्रामसभेच्या गरजेला अखेर असे शब्दरूप देण्यात आले, की संगणक पुराच्या वेळी एका माणसाला उचलून उंचावर नेता येईल इतका हलका असावा, आणि एरवी कोणालाही घरी न्यावासा वाटणार नाही इतका गैरसोयीचा असावा.

हा कागद घेऊन आम्ही सीताबर्डीला गेलो. दुकानदाराने रिवाजाप्रमाणे मान खाली ठेवूनच आपला तात्त्विक प्रश्न टाकला, आणि बाईंनी त्याला उत्तर दिले: चाळीस घरांचे पुडे, त्यांची बेरीज, वर्षातून दोनदा वाटप, वीस तासांची बॅटरी, 44 अंशांची खोली, एस.टी.चा मागचा बाक, मुंग्या, खोडरबर आणि एका माणसाचे वजन. त्याने लेखणी खाली ठेवून वर पाहिले. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘इथं लोक येतात अन् मलाच विचारतात, माझं काम काय म्हणून.’ त्यानंतर त्याने जी तत्परता दाखविली ती पाहण्यासारखी होती. छोट्या चौरस पाटीवर बसणारा साधा आय-थ्री, 8 जीबीची एक पट्टी आणि पुढे दुसरी घालायला एक मोकळी खाच, 500 जीबीची एसएसडी, दाबाचे चढउतार सोसणारा वीजपुरवठा, चार किलोंच्या आत बसणारे लोखंडी खोके. पडदा वेगळा, कळफलक वेगळा, वायरी पाच, ज्यांची गुंतवळ पाहूनच घरी नेण्याची कोणाचीही इच्छा मरावी. किंमत तरुणाच्या मखराच्या तिसऱ्या हिश्शातही आली नाही. दुकानदाराला त्यात नफा थोडा होता, तरी समाधान बरेच होते असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले. निदान बिल करेपर्यंत दिसले.

बिलाच्या तळाशी तीन वर्षांची ‘ऑन-साइट’ वॉरंटी छापलेली होती; म्हणजे यंत्र बिघडल्यास कारागीर ग्राहकाच्या ठिकाणी येऊन दुरुस्त करील. दुकानदाराने पत्त्याच्या रकान्यात भरण्यासाठी गावाचे नाव विचारले. बाईंनी भामरागड म्हणून सांगितले. त्याने ते लिहून घेतले, क्षणभर थबकला, आणि मोठ्या सभ्यतेने ‘ऑन-साइट’ या शब्दांवर काट मारून त्यांच्या जागी ‘दुकानात आणून दिल्यास’ असे लिहिले. बाईंनी ते वाचले, काहीही न बोलता ग्रामसभेचे धनादेशाचे पुस्तक काढले आणि रकमेच्या तीन चतुर्थांशाचा धनादेश लिहून त्याच्यापुढे ठेवला. उरलेल्या चतुर्थांशाचे काय, असे त्याने विचारले. ‘ते भामरागडलाच ठेवलेत,’ बाई म्हणाल्या, ‘तुम्ही येऊन घेऊन जा, भाऊ.’

त्याने बिलाकडे पाहिले, धनादेशाकडे पाहिले आणि माझ्याकडे वळून, पावसाळ्यात तिकडचा पूल बंद असतो असे ऐकले ते खरे काय, म्हणून विचारले. मी ते खरे असल्याचे सांगितले. मग त्याने नवीन बिल काढले, ‘ऑन-साइट’ हे शब्द छापील होते तसेच राहू दिले, आणि त्यांच्यापुढे सुवाच्य अक्षरांत ‘पूल सुरू असल्यास’ अशी पुस्ती जोडली.